कागदपत्रं नसलेल्यांना लायसन्स: न्यू जर्सीचा कायदा बरोबर की चूक?

रारिटनकाठ:
१ मे २०२१ पासून न्यू जर्सीत स्टँडर्ड, म्हणजे गाडी चालवण्यापुरत्या साध्या लायसन्ससाठी इमिग्रेशनचे कागद मागत नाहीत. ओळखीच्या प्रत्येक कागदाला ठरलेले पॉइंट असतात; ते मिळून सहा पॉइंट, पत्त्याचा पुरावा आणि सोशल सिक्युरिटी नंबर किंवा कर भरायचा आयटिन लागतो. दोन्ही नसतील तर तसं लिहून द्यायचं. पुढे सगळ्यांना नियम एकच: डोळ्यांची तपासणी, लेखी परीक्षेत ५० पैकी ४० उत्तरं बरोबर, २१ वर्षांवरच्यांना परमिटवर किमान तीन महिने सराव, मग रोड टेस्ट. माझा पाठिंबा आहे. गोदामात पहाटेची पाळी आणि बसचा पत्ता नाही, अशा ठिकाणी माणूस गाडी काढणारच. ती परीक्षा देऊन काढलेली बरी. विरोधकांनी मुद्दे मांडावेत.

कायदेभान:
विरोध आहे. ज्याला देशात राहायची परवानगीच नाही त्याला राज्याने फोटोचं सरकारी कार्ड द्यायचं? मग ग्रीनकार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबलेल्याला काय सांगणार? आणि परदेशी जन्मदाखला खरा की खोटा, हे काउंटरवरच्या कारकुनाने कसं ओळखायचं? मॅसॅच्युसेट्समध्ये २०२२ साली गव्हर्नर चार्ली बेकर यांनी अशाच कायद्यावर व्हेटो वापरताना हेच कारण दिलं होतं. लायसन्सच्या अर्जाबरोबरच होणाऱ्या मतदार नोंदणीचंही तेच. इलिनॉयमध्ये 'मी नागरिक नाही' असं स्वतःहून सांगितलेल्या ५७४ जणांची माहिती लायसन्स ऑफिसमधून मतदार नोंदणीकडे गेली. २०२० मध्ये ते उघड झालं. नागरिक नसताना मत दिलं की हद्दपारी ओढवू शकते, आणि ती भोगायची अर्जदाराने.

चौथागिअर:
बेकर यांचा व्हेटो तिथल्या विधिमंडळाने फिरवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी कायदा कायम ठेवला, तेही सांगा. इलिनॉयची चूक सॉफ्टवेअरची होती, लोकांनी 'नागरिक नाही' हे खरं तेच सांगितलं होतं.

परिणाम बघायचा तर कॅलिफोर्निया बघा. तिथे असाच एबी ६० नावाचा कायदा जानेवारी २०१५ ला लागू झाला आणि पहिल्याच वर्षी सहा लाखांवर लायसन्स दिली गेली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जिल्हावार आकडे तपासले. एकूण अपघात वाढले नाहीत. धडक देऊन पळून जाण्याचे प्रकार मात्र ७ ते १० टक्क्यांनी, म्हणजे त्या वर्षात सुमारे ४,००० ने कमी झाले. कारण सरळ आहे. लायसन्स नसलेल्याला पोलीस आले की गाडी जप्त होण्याची आणि पुढे हद्दपारीची भीती, म्हणून तो थांबत नाही. लायसन्स असलं की थांबून इन्शुरन्सचा कागद पुढे करतो. तुमच्या गाडीचा बंपर कोण भरून देणार, हे इथे ठरतं.

कायदेभान:
लायसन्स मिळालं म्हणजे इन्शुरन्स घेतलाच असं नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडा टर्नपाइकवर ट्रकने मध्येच यू-टर्न घेतला, तीन जण गेले. ड्रायव्हर बेकायदा आलेला भारतीय, खिशात कॅलिफोर्नियाचं कमर्शियल लायसन्स. त्याचं काय?

चौथागिअर:
ते प्रकरण भयंकरच आहे, पण या कायद्याच्या खात्यावर टाकू नका. एबी ६० किंवा न्यू जर्सीच्या स्टँडर्ड लायसन्सवर मालवाहू ट्रक चालवता येत नाही. 'नॉन-डोमिसाइल्ड', म्हणजे इथले कायम रहिवासी नसलेल्या परदेशी लोकांना मिळणाऱ्या कमर्शियल लायसन्सचे नियम फेडरल आहेत आणि ते वर्क परमिटवर मिळत होतं. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असला तरी वर्क परमिट मिळू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये फेडरल सरकारने नियम आवळायला घेतले ते त्याच लायसन्सचे.

पेंडिंग७९७:
एच-१बी वाल्या मराठी घरांचाही यात संबंध आहे. रिअल आयडी लायसन्स, म्हणजे देशांतर्गत विमानासाठीही चालणारं फेडरल दर्जाचं लायसन्स, आय-९४ च्या (देशात राहायच्या मुदतीच्या नोंदीच्या) तारखेला बांधलेलं असतं. मुदतवाढीचा अर्ज वेळेत भरला असेल तर त्या तारखेनंतर २४० दिवसांपर्यंत नोकरी चालू राहते, पण लायसन्स मात्र संपतं. स्टँडर्डला ती अट नाही. विमानासाठी ७ मे २०२५ पासून ते चालत नाही, तिथे भारतीय पासपोर्ट दाखवा. अर्ज अडतो तो बहुधा नावावर: पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर व्हिसावर 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) येतं आणि बाकीच्या कागदांशी नाव जुळत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह नोंदणीचा दाखला बरोबर न्यावा.

जपूनचालवा:
मला काळजी वेगळीच आहे: हा डेटा कुठे जातो? यूटा, व्हर्मॉन्ट आणि वॉशिंग्टनमधल्या लायसन्सचे फोटो चेहरा ओळखण्यासाठी इमिग्रेशनवाल्यांनी वापरायला मागितल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं. न्यूयॉर्कच्या अशाच ग्रीन लाइट कायद्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय त्यांना माहिती द्यायला मनाई आहे. कार्ड वेगळं दिसणंही धोक्याचं. फ्लोरिडाने २०२३ मध्ये फक्त कागदपत्रं नसलेल्यांसाठी असलेली परराज्यातली लायसन्स बाद ठरवली. इलिनॉयने २०२४ मध्ये वेगळं कार्ड बंदच केलं. न्यू जर्सीत रिअल आयडी न घेतलेल्या नागरिकाकडेही तेच स्टँडर्ड कार्ड असतं, म्हणून मला हीच पद्धत बरी वाटते.

कायदेभान:
डेटाबद्दल सहमत. पण परदेशी पासपोर्टवर अर्ज करणाऱ्याच्या स्क्रीनवर मतदार नोंदणीचा प्रश्न येताच कामा नये, आणि परदेशी कागद तपासायला स्वतंत्र, प्रशिक्षित माणूस हवा. या दोन्ही गोष्टी कायद्यातच लिहिल्या जाईपर्यंत माझा विरोध कायम.