मापवहीतलं नाव लिहू की बॅनरवरचं?

पंचवटीतली शिंपीण
माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. चार वर्षं एक तृतीयपंथी मुलगी माझ्याकडे यायची. कोजागरीला त्या सगळ्याजणी सप्तशृंगी गडावर जातात, त्या छबिन्यासाठी, म्हणजे देवीच्या मिरवणुकीसाठी, तिने मोरपंखी ब्लाऊज शिवायला टाकला होता. मागचा गळा खोल, नॉटला लटकन. "ताई, बाही दंडाला घट्ट बसू दे," असं दोनदा बजावून गेली. न्यायला आलीच नाही. रात्री हायवेला तिला मारहाण झाली, तिसऱ्या दिवशी गेली.

गावाहून भाऊ आले आणि तिला घेऊन गेले. केस कापून, शर्टपँट घालून अग्नी दिला म्हणे. श्रद्धांजलीच्या बॅनरवर जन्माचं नाव आणि दहावीतला फोटो. माझ्या मापवहीत मात्र तिचं स्वतःचं नाव आहे, माझ्या हातातलं पेन घेऊन तिनेच लिहिलेलं.

येत्या २० नोव्हेंबरला, मारल्या गेलेल्या तृतीयपंथींच्या स्मृतिदिनी, गोदाघाटावर तिच्यासाठी पणत्या लावायच्या आहेत. फोटोखाली कुठलं नाव लिहू? घरच्यांना दुखवायचं नाही, पण ते बॅनर आठवलं की पोटात कालवतं. आणि मी त्यांच्यातली नाही, तर हे मी करावं का? (केस चालू आहे म्हणून नाव इथे लिहीत नाही.)

नाशिकरोडची चेली
ताई, मापवहीतलंच नाव लिहा. आमच्या गुरू दोन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होत्या. रक्ताचं नातं दाखवा म्हणाले. आम्हाला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. भावांचं दुःख खरं असेल, पण ती गडावर ज्या नावाने नाचली ते नाव त्यांनी पुसलं.

तुम्ही जरूर करा. फक्त आधी गुरूंना भेटा, फोटो त्या देतील. आणि एक सांगू? आमच्या दोघीजणी अजून तयार ब्लाऊज विकत घेऊन घालतात. माप घ्यायलाच कुणी तयार होत नाही.

कोर्टातला एक
नावाचा प्रश्न या दिवसाच्या मुळाशीच आहे. २८ नोव्हेंबर १९९८ ला अमेरिकेत बोस्टनमध्ये रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रीचा तिच्याच घरात खून झाला. तिथल्या वर्तमानपत्रांनी तिचं जुनं नाव छापलं, तिला पुरुष म्हटलं. लोक चिडले. पुढच्या वर्षी ग्वेंडोलिन अ‍ॅन स्मिथ यांनी हा स्मृतिदिन सुरू केला. त्या दिवशी मारल्या गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात, त्यांनी स्वतः घेतलेली नावं.

आपल्याकडेही १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपली लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची, शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. त्यामुळे तुम्ही काही वावगं करत नाही आहात.

केसबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१९ च्या तृतीयपंथी हक्क कायद्यात कलम १८ आलं, त्यात तृतीयपंथींना इजा केल्याची शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. अशा गुन्ह्याला ती फारच थोडी आहे, मला त्याचा राग येतो. खुनाचं कलम वेगळं, भारतीय न्याय संहितेचं १०३. गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवलाय ते गुरूंना विचारायला सांगा. जिल्हा न्यायालयात मोफत कायदेशीर मदत देणारं विधी सेवा प्राधिकरण आहे, गुरूंना घेऊन आधी तिथे जा. मायक लावणार असाल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या.

गोदाकाठचा
पणत्या पायऱ्यांवर लावा, पाण्यात सोडू नका. तेल माझ्याकडून.

पंचवटीतली शिंपीण
काल गुरूंकडे जाऊन आले. त्यांनी गडावरचा फोटो दिला, हातात कावड आहे. नाव मापवहीतलंच लिहिणार, तिने लिहिलं होतं तसंच, वेलांटीसकट.

ब्लाऊजला हुकं लावायची राहिली होती. रात्री बसून लावली आणि गुरूंच्या हातात दिला. त्यांनी बाही उलटी करून टाके बघितले, मग छातीशी धरला.

चेलीताई, त्या दोघींना सांगा, दुकान अकराला उघडतं. मंगळवारी गर्दी नसते, निवांत माप घेता येईल.