प्रेडा–बेर्ग्युनची घसरगाडीची वाट : चार वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीची आई बरोबर असताना जमेल का?

लिमाटकाठ यांचा प्रश्न

माझे आईवडील फेब्रुवारीत पुण्याहून आमच्याकडे झुरिकला येत आहेत आणि मुलांना एक दिवस डोंगरात घसरगाडीवर, म्हणजे बर्फाच्या उतारावरून बसून घसरायच्या, इथले लोक जिला श्लिटन म्हणतात त्या बिनचाकी गाडीवर, न्यायचे असे मी आधीच कबूल करून बसलो आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा चार. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे बर्फातून गाडी ओढत चढावे लागेल अशी जागा उपयोगाची नाही आणि तिला दिवसभर एखाद्या उपाहारगृहात बसवून आपण मजा करावी हेही मनाला पटत नाही. ग्रिंडेलवाल्डची फाउलहॉर्नवरून उतरणारी १५ किलोमीटरची वाट एका मित्राने सुचवली होती, पण तिच्या माथ्यावर पोचण्यासाठी केबलकारनंतरही गाडी ओढत अडीच तास चालावे लागते असे कळल्यावर तो बेत तिथेच संपला. आता पूर्व स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतातील प्रेडा ते बेर्ग्युन या दोन गावांमधली वाट मनात आहे. तिथे कुटुंबासह जाऊन आलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा.

चूरकर

आपण जागा अगदी योग्य निवडली आहे. ही मुळात अल्बुला खिंडीतून जाणारी मोटारींची सडक आहे. हिवाळ्यात ती वाहनांना बंद होते आणि तिच्यावरच बर्फ दाबून सुमारे ६ किलोमीटरची वाट तयार केली जाते. प्रेडा १७८९ मीटर उंचीवर आणि बेर्ग्युन १३७३ मीटरवर असल्यामुळे चारशे मीटरांचा उतार एवढ्या लांबीवर पसरतो आणि एकंदरीत बेताचा राहतो. खाली पोचल्यावर घसरगाडी उचलून रेटियन रेल्वे या तिथल्या डोंगरी आगगाडीच्या डब्यात चढायचे की पाव तासाच्या आसपास पुन्हा वर. घसरगाड्या बेर्ग्युनमध्येच भाड्याने मिळतात, त्यामुळे झुरिकहून काही ओढून आणण्याची गरज नाही.

आपल्या आईंसाठी तर ही आगगाडी हीच सहल ठरेल. रूळ एवढ्या थोड्या अंतरात सरळ वर नेणे शक्य नव्हते, म्हणून १९०३ साली खुल्या झालेल्या या मार्गावर ते डोंगराच्या पोटात गोल फिरवून वर काढले आहेत आणि सडकेच्या सहा किलोमीटरांसाठी रेल्वेला सुमारे बारा किलोमीटर धावावे लागते. बोगद्यातून बाहेर पडावे तो मघाशी ज्या रुळावरून आलो तोच पायाखाली दिसतो आणि बेर्ग्युन गाव एकदा डाव्या खिडकीत, एकदा उजव्या खिडकीत येते. आमच्या सासूबाईंनी पहिल्या खेपेला, ‘अहो, गाव फिरतंय की आपण?’ असे विचारले होते. बोरघाटातून जन्मभर ये-जा केलेल्या बाईंना बोगद्यांचे कौतुक नव्हते, तरीही त्या दिवसभरात चार वेळा वरखाली करून आल्या. युनेस्कोने २००८ मध्ये या मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा दिला आहे. कंटाळा आलाच तर बेर्ग्युनच्या स्थानकाजवळ रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे उबेत बसता येते.

एक सूचना : त्याच गावातून खुर्चीच्या पाळण्याने दारलुक्सला जाऊन उतरण्याची दुसरी वाट आहे. ती अधिक तीव्र आहे. चार वर्षांचे मूल घेऊन तिच्या वाटेला जाऊ नये.

घाटवाटा

वरील सर्व खरे आहे, पण उतार बेताचा म्हणजे गाडी आपोआप थांबते असा समज करून घेऊ नये. या गाडीला ब्रेक नसतो. आपले बूट हाच ब्रेक. मी पहिल्या वर्षी दादरहून आणलेल्या गुळगुळीत तळव्याच्या खेळाच्या बुटांत गेलो होतो. दुसऱ्याच वळणावर दोन्ही टाचा जिवाच्या आकांताने रोवल्या तरी गाडी हसतखेळत पुढे गेली आणि मी कडेच्या बर्फाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतलो. चष्मा सापडायला दहा मिनिटे लागली. बाहीतून शिरलेला बर्फ कोपरापर्यंत वितळत होता तो वेगळाच.

घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांच्या तळव्यांचे बूट सर्वांना हवेत. वेग कमी करायचा तर दोन्ही तळवे सपाट टेकवावेत, नुसत्या टाचा नव्हे. डावीकडे वळायचे तर डावा पाय दाबावा आणि एकदम थांबायचे झाल्यास मागे रेलून गाडीचे पुढचे टोक वर ओढावे. पोटावर पडून डोके पुढे करून घसरणारे तरुण दिसतील. मुलीला त्यांची नक्कल करू देऊ नका. हेल्मेट लहानथोर सगळ्यांनाच.

दोन पोरांची आई

मी मुलाच्या बाबतीत थोडे वेगळे मत मांडते. चार वर्षांचे मूल मोठ्या माणसाच्या दोन पायांच्या मध्ये पुढे बसते, आणि आपण ब्रेक लावला की उडणारा सगळा बर्फ त्याच्या तोंडावर येतो. स्कीचा गॉगल नसेल तर ते पहिल्याच किलोमीटरला रडू लागते, आणि निम्म्या वाटेत आपल्याला कंटाळा आला म्हणून तिथून आगगाडीत बसता येत नाही. आमच्या धाकट्याची एक फेरी उत्तम झाली. दुसऱ्या फेरीत तो चक्क झोपला. म्हणून त्याच्यासाठी एकच फेरी धरा आणि नंतर त्याला आजीबरोबर आगगाडीत बसवा. शक्य असल्यास शनिवार-रविवार टाळा. आल्याचा चहा थर्मासात न्यावा, आणि सुके मोजे दोन जोड जास्त.

लिमाटकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बुधवारी जायचे ठरवले आहे. आई आणि धाकटा आगगाडीत, मी आणि मुलगी गाडीवर, अशी विभागणी केली होती. परंतु सत्तरीला आलेल्या बाबांनी काल रात्री फोनवर स्वतःच्या डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर असल्याचे कळवले आणि हेल्मेट कानटोपीवरून घालायचे की कानटोपी काढून, असे विचारले आहे.

घाटवाटा

काढून. लोकरीच्या जाड टोपीवर हेल्मेट पक्के बसत नाही. फार गार वाटल्यास आत पातळ, घट्ट टोपी चालेल, आणि पट्टा हनुवटीखाली एक बोट मावेल इतकाच सैल ठेवावा. बाबांना पहिली फेरी आपल्या मागे नव्हे, पुढे राहून उतरू द्या, म्हणजे ते आपल्या नजरेसमोर राहतील.