मदत हवी आहे: वीज ग्रिडला जातेय की येतेय, हे कसं ओळखायचं?

घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, सिंगल फेज, नेट मीटरिंग (जादा वीज ग्रिडला जाते आणि बिलात वजा होते), बॅटरी नाही. दुपारी बारा-दोनला आमची वीज बाहेर जाते आणि गीझर मात्र पहाटे ग्रिडवर चालतो. म्हणून २५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर दुपारी जादा वीज असेल तेव्हाच आपोआप चालू करायचा आहे. आईची आंघोळ संध्याकाळी असते, तोवर पाणी गरम राहतं.

आधी साधा टायमर लावला. ढग आले की गीझर ग्रिडवरच चालतो, म्हणजे उपयोग शून्य. मग ईएसपी-३२ (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) आणि मेन वायरवर करंट क्लॅम्प (वायरभोवती बसणारा, करंट मोजणारा सेन्सर) लावला. आकडा येतो, पण दिशा कळत नाही: ८ अँपिअर आत की बाहेर? पीझेम-००४टी हे वीज मोजणारं मॉड्यूल लावून पाहिलं, तेही दिशा सांगत नाही. नेट मीटरचा लाल दिवा दोन्हीकडे सारखाच लुकलुकतो. इन्व्हर्टर फक्त निर्मिती दाखवतो, घरचा वापर नाही.

सील केलेल्या मीटरला हात लावायचा नाही. आपल्या बाजूच्या डीबीत (घरातल्या एमसीबींच्या बॉक्समध्ये) काम इलेक्ट्रिशियनच करेल. बजेट पाच हजार. आई फोन वापरत नाही, त्यामुळे अ‍ॅप नको. स्वयंपाकघरात हिरवा दिवा लागला की ती वॉशिंग मशीन लावेल, एवढं पुरे.

आरएस-४८५ (ईएसपी-३२ला आकडे वायरने पाठवण्याची सोय) असलेला, पॉवर अधिक-उणे चिन्हासह देणारा कोणता मीटर तुम्ही प्रत्यक्ष वापरलाय? आणि ढगांमुळे रिले (गीझर चालू-बंद करणारा स्विच) सारखा टकटक करू नये म्हणून किती मिनिटांचा विलंब ठेवलात?