छोटा टुबा नेमका कधी काढायचा?

गिरगावकर_बास:
मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात ऑर्केस्ट्रा ऐकायला गेलं की माझी नजर आधी मागे, टुबावाल्याकडे, म्हणजे पितळी वाद्यांतल्या सगळ्यात खालच्या सुरांच्या वाद्याकडे. तर माझं मत, ब्राम्सच्या दुसऱ्या सिंफनीला (१८७७) मोठा सी टुबा काढूच नये, छोटा एफ काढावा (सी, एफ ही टुबाच्या मूळ सुराची नावं, नळी लांब तेवढा सूर खाली). सुरुवातीलाच टिंपनी (मोठे नगारे) हलकेच घुमते आणि मग ट्रॉम्बोन नि टुबा इतके हळू येतात की सगळ्यांचा मिळून एकच आवाज वाटायला हवा, तिथे सोळा फूट नळीचं धूड आणलं की खाली नुसतं घुंऽऽ. एफ टुबा बारा फुटांचा, आणि १८३५ला बर्लिनमध्ये पेटंट झालेला पहिला टुबाही एफचाच होता.

लालबाग_ब्रास:
पहिला होता म्हणून काय झालं? एफवर खालचा सी आणि आजूबाजूचे सूर काढून बघा, हवा अडकल्यासारखी होते, स्वर भरतच नाही. हळू वाजवणं फुंकेवर आहे हो, वाद्याच्या साइजवर नाही. ब्रूकनरच्या दणदणीत सिंफन्यांना काय करणार?

गिरगावकर_बास:
ब्रूकनरला मोठाच, त्यात वादच नाही. पण बर्लिओझची फँटास्टिक (१८३०) घ्या, त्यातला टुबाचा पार्ट मुळात ऑफिक्लाइडसाठी होता, टुबापेक्षा पातळ आवाजाचं जुनं पितळी वाद्य. शेवटच्या भागात ‘दिएस इरे’ची, म्हणजे चर्चमधल्या मृतांसाठीच्या जुन्या स्तोत्राची चाल बासूनबरोबर (खालच्या सुरांचं लाकडी फुंकवाद्य) येते, दोन मोठे टुबे लावले की बासूनवाले बिचारे फक्त गाल फुगवताना दिसतात.

युफोवाले_काका:
मग ‘बिडलो’मधल्या टुबा सोलोचं काय? तो भाग ज्यात आहे त्या मुसोर्ग्स्कीच्या ‘पिक्चर्स’चं रावेलने १९२२मध्ये ऑर्केस्ट्रेशन केलं, ते फ्रेंच लोकांच्या आठ फुटी सी टुब्यासाठी, म्हणजे युफोनियमपेक्षाही (टुबाचा धाकटा भाऊ) छोटा! सोलो इतका वर चढतो की एफवरसुद्धा घाम फुटतो. सरळ युफोनियम द्या ना, एफचा हट्ट कशाला.

दादर_टीटी:
तुम्ही सगळे ऑर्केस्ट्रातच अडकलात. पाच जणांच्या ब्रास क्विंटेटमध्ये दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि खाली एकटा टुबा, प्रॅक्टिस कुणाच्या तरी हॉलमध्ये सोफा सरकवून. तिथे मोठ्या टुब्याने ट्रॉम्बोन बुडतो आणि एफने तळ पातळ होतो, मला तर ब्रिटिशांचा ई फ्लॅट, तेरा फुटांचा, तोच बरा वाटतो. बाकी मोठा टुबा घेऊन संध्याकाळी साडेसहाच्या विरार लोकलमध्ये चढून दाखवा, मग बोलू.

लालबाग_ब्रास:
लोकलचा मुद्दा मान्य 😂 क्विंटेटला ई फ्लॅट, तेही मान्य. पण ब्राम्सवर मी हटणार नाही, त्याच सिंफनीच्या शेवटी सगळा ब्रास (पितळी वाद्यं) तुटून पडतो तेव्हा बाल्कनीत बसून ऐका, एफ कुठे पोचतोय ते सांगा मला.

गिरगावकर_बास:
बाल्कनीतच बसतो, स्वस्त पडतं. पोचतो की!