झरियाचा झामा म्हणजे नैसर्गिक कोकच ना, मग तो स्टीलला का चालत नाही?

वर्धाकाठ
मी नागपूरला एमएस्सी जिऑलॉजी करतेय, लवकरच धनबादची फील्डट्रिप आहे म्हणून झरियाबद्दल वाचत होते. तिथे बराकर फॉर्मेशनच्या (तिथल्या कोळसा असलेल्या खडकथरांच्या) कोळशात लॅम्प्रोफायर या अग्निजन्य खडकाचे डाइक आणि सिल (मॅग्मा घुसून थिजलेल्या उभ्या भिंती आणि आडवे थर) घुसलेत आणि त्या उष्णतेने कोळशाचा जागीच कोक (गॅस निघून उरलेला कार्बन) झालाय, त्यालाच झामा म्हणतात. आपण ऑस्ट्रेलियाहून कोकिंग कोल (ज्याचा कोक बनतो तो कोळसा) आणतो आणि इथे आयता कोक पडून आहे, मग तो ब्लास्ट फर्नेसला (लोखंड बनवायच्या भट्टीला) का जात नाही? आणि फील्डमध्ये ओळखायचा कसा?

थिन_सेक्शन
कोक ओव्हनमध्ये हवा बंद करून हजार-अकराशे डिग्रीला कोळसा भाजतात, गॅस मोकळा निघून जातो आणि सगळीकडे सारखी भोकं पडतात. जमिनीखाली वरच्या खडकाचा दाब असतो, गॅसला वाट नाही, त्यामुळे झामा जास्त घट्ट बनतो आणि पटकन पेटत नाही. शिवाय भेगांमधे नंतर कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) भरतं, राख वाढते. आणि डाइकपासून थोडं लांब गेलं की क्वालिटी बदलते, एकसारखा माल मिळतच नाही.
ओळखायला सोपा आहे, राखाडी, चमक गेलेली, हाताला खरखरीत, आणि डाइकच्या कडेला काटकोनात छोटे छोटे खांब दिसतात ते नक्की बघ!! डाइक स्वतः मात्र कोळशातून निघालेल्या सीओटू वगैरेनी सडून फिकट, मऊ झालेला असतो, त्याला माती समजून पुढे जाऊ नकोस.

खाणीतला_माणूस
वर बरोबर सांगितलंय, पण खाणीत खरं नुकसान सिल करते. डाइक उभा असतो, आजूबाजूचा पट्टा जळतो आणि संपतं, सिल मात्र सीममध्येच (कोळशाच्या थरातच) आडवी पसरते आणि लांबवर सगळा कोळसा खाऊन टाकते. पॅनल (खोदायचे भाग) आखताना तेवढा भाग सोडावा लागतो, रिझर्व्ह कमी होतात, मशीनचे पिक (कापायचे दात) झिजतात ते वेगळंच. म्हणून बोअरहोल आणि मॅग्नेटिक सर्व्हे आधी नीट करायला हवा, त्यात कंजुषी केलेली मला अजिबात पटत नाही, कारण देशातला प्राइम कोकिंग कोल जवळपास सगळा झरियातच आहे आणि एकदा झामा झालेल्या कोळशाचं कोकिंग परत येत नाही.
बाकी नैसर्गिक कोक कुठेच काढला नाही असं नाही हां, अमेरिकेत व्हर्जिनियाच्या रिचमंडजवळ १९व्या शतकात तो खणून वापरलाय.

वर्धाकाठ
खूप थँक्यू दोघांना! मग आपल्या चंद्रपूर-उमरेडकडे डेक्कन ट्रॅप (दख्खनचा लाव्हाचा खडक) एवढा जवळ असून कोळसा का नाही जळला?

थिन_सेक्शन
लाव्हा जमिनीवर वाहिला, उष्णता बरीचशी वर हवेत गेली, आणि मधे कामठीचे वाळूखडक वगैरे आहेत. कोळसा जळायला मॅग्मा थरात घुसावा लागतो. ते बघायचं तर छिंदवाड्याचं पेंच-कन्हान बघ, तिथे ट्रॅपच्याच काळातले डोलेराइट (बेसॉल्टसारखा खडक) डाइक कोळशात शिरलेत, नागपूरहून एका दिवसात जाऊन येशील.