ओटीपी न देताही पैसे जातात
फोनवरच्या फसवणुकीबद्दल 'ओटीपी दिला नाही तर काही होत नाही' असं म्हटलं जातं, पण तेवढं पुरेसं नाही. फसवणारे लोक कस्टमर केअरच्या नावाने बोलतात आणि रिफंडसाठी एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला लावतात. मग तुमचा स्क्रीन त्यांना दिसतो, ओटीपी ते स्वतःच वाचतात. मला खरी काळजी वाटते ती गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधणाऱ्या आणि या लोकांनी टाकलेला खोटा नंबर लावणाऱ्या ज्येष्ठांची. तिथे फोन आपणच लावलेला असतो, त्यामुळे संशयच येत नाही. नंबर कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्या. आणि पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे घरात पुन्हापुन्हा सांगा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. बँकेलाही त्याच वेळी कळवा.