यहूदाचेही पाय
‘अगापे (निःस्वार्थ) प्रीती म्हणजे क्रूसावर जीव देणं, ते आपल्याला कुठून जमायचं?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण मी क्रूसाच्या आदल्या रात्रीपासून सुरुवात करतो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात येशू बाह्यवस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतो. त्यांतल्या पेत्राचे आढेवेढे सगळ्यांना आठवतात. येशूला दगा देऊन पकडून देणारा शिष्य यहूदा मात्र उठून गेला तो नंतर, ३०व्या वचनात. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले होते, आणि धुणाऱ्याला सगळं ठाऊक असताना! माझं घोडं इथंच अडतं. आजारी सासऱ्यांचं अंथरूण मी रोज बदलतो, पण ते टाकून बोलले की माझे हात आपोआप आदळआपट करतात. चादर स्वच्छच घातली जाते, प्रीती तेवढ्यात निसटलेली असते.